पुण्यात रात्री रस्त्यावर झोपणाऱ्यांना मदत करायची आहे, ब्लँकेटवाटपापासून सुरुवात करावी का?

ऋतुजा_कोथरूड

नमस्कार मंडळी. आम्ही सहाजण आहोत, तीन बाया आणि तीन पुरुष. डिसेंबरपासून दर शनिवारी रात्री स्वारगेट ते पूलगेट आणि पुणे स्टेशनचा परिसर इथे फूटपाथवर, दुकानांच्या पायऱ्यांवर झोपणाऱ्यांना भेटायचं ठरवलंय. सुरुवातीला पंधरा हजार रुपये जमलेत. पहिला विचार ब्लँकेट आणि जेवणाची पाकिटं वाटायचा होता, पण ते बरोबर आहे की नाही अशी शंका येतेय.

विचारायचंय ते असं:
- किती वाजता जावं, आणि बोलायला सुरुवात कशी करावी?
- पैसे कशावर खर्च करावेत?
- कोणी आजारी, जखमी किंवा मानसिक आजार असलेलं दिसलं तर नेमकं काय करायचं? कुणाला फोन?
- महापालिकेच्या निवाऱ्यात नेऊन सोडता येतं का?
- आधार वगैरे कागद नसतील तर काही करता येतं का?

ज्यांनी हे काम नियमित केलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

फेरीवाला_८

वाटप नका करू, फेरी करा. दोन्हींत फरक आहे आणि बाकी सगळं त्या फरकावर उभं आहे. वाटपात गाडी थांबते, गर्दी होते, धडधाकट लोक पुढे येऊन दोन-दोन घेतात आणि ज्याला उठता येत नाही त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही. फेरीत तुम्ही तेच पंधरा-वीस लोक, त्याच वारी, त्याच वेळी, पुन्हा पुन्हा भेटता. हॉस्पिटलला यायला माणूस तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर तयार होतो, पहिल्या भेटीत कधीच नाही.

सहाजण असाल तर दोघादोघांच्या तीन जोड्या करा, शक्यतो प्रत्येक जोडीत एक बाई. सहाच्या सहा जण एका माणसाभोवती उभे राहिले की तो घाबरतो, आणि ते साहजिक आहे. रस्त्यावर झोपणाऱ्याला रात्री घोळका दिसतो तो बहुतेक वेळा उठवायला किंवा लुटायला आलेला असतो.

वेळ रात्री ९ ते १०.३०. दुकानांची शटरं पडल्यावर लोक पायरीवर अंथरूण टाकतात आणि अजून जागे असतात. अकरानंतर जाऊ नका. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, मग हातात कितीही चांगली वस्तू असो. उशाशी ठेवूनही जायचं नाही, सकाळपर्यंत ती राहत नाही आणि कधी कधी तिच्यावरून मारामारी होते. दुसरी वेळ पहाटे साडेपाच-सहाची, पण तेव्हा लोक कामाच्या घाईत असतात. हो, कामाच्या. मजूर अड्डा, हमाली, केटरिंग, भंगार, कचरा वेचणं. रस्त्यावर झोपणारा म्हणजे भीक मागणारा हा समज घेऊन गेलात तर पहिल्याच वाक्यात माणूस दुखावतो.

बोलायचं कसं: समोर उभं राहून खाली बघत बोलू नका. हातभर अंतरावर, शक्यतो त्याच्या बाजूला उकिडवं बसा. टॉर्च तोंडावर नको, जमिनीवर धरा. त्याचं अंथरूण, गाठोडं याला हात लावायचा नाही, त्यावरून पाय टाकून जायचं नाही. वयाप्रमाणे काका, मावशी, दादा, आजी. "काका, मी ऋतुजा. दर शनिवारी इकडे येते. बसू का दोन मिनिटं?" एवढं पुरतं. नाही म्हणाले तर "बरं, पुढच्या शनिवारी येते" म्हणून उठायचं आणि पुढच्या शनिवारी खरंच जायचं. "तुमचं घर कुठे, इथे कसे आलात" हे पहिल्या भेटीत विचारूच नका. "पाय सुजलाय का?", "पाणी कुठून आणता?", "इथे रात्री त्रास देतं का कोणी?" हे प्रश्न चालतात, कारण त्यांचं उत्तर देताना माणसाला लाज वाटत नाही.

फोटो नाही. देणगीदारांसाठी पाठमोराही नाही. पैसे देणाऱ्यांना बिलं दाखवा.

एक छोटी वही ठेवा. जागा (विजेच्या खांबाचा नंबर किंवा दुकानाची खूण), ते सांगतील ते नाव, काय हवं म्हणाले, आपण काय कबूल केलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "चष्मा आणतो" म्हणून विसरलात तर त्या पायरीवरचे सगळेच पुढे तुमच्याशी बोलणं टाळतात. वही कुणाला दाखवायची नाही. कोण कुठे एकटी झोपते हे चुकीच्या माणसाला कळणं धोक्याचं आहे.

आता पंधरा हजारांचं. ब्लँकेटं डिसेंबरात सगळेच वाटतात. रस्त्यावरच्या माणसाचा संसार म्हणजे एका खांद्यावर मावेल एवढं बोचकं. त्यात दोन ब्लँकेटं बसत नाहीत, मग ती दिवसा कुठेतरी खोचून ठेवावी लागतात आणि अतिक्रमणाच्या गाडीत जातात. राखाडी जाड ब्लँकेट एकदा भिजलं की दोन दिवस वाळत नाही. द्यायचंच असेल तर पातळ फ्लीसचं द्या, वजनाला हलकं, अर्ध्या दिवसात वाळतं. पण खरी थंडी फरशीतून येते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा वर दोन पांघरुणं घेण्यापेक्षा खाली अंथरायला पुठ्ठ्याचे दोन थर आणि त्यावर गुंडाळता येणारी प्लास्टिकची चटई जास्त उपयोगी. पुठ्ठा किराणा दुकानात फुकट मिळतो.

ज्या वस्तू लोक खरोखर मागतात त्या अशा: मागे पट्टा असलेली सॅंडल (पाय सुजलेले असतात म्हणून मापापेक्षा एक नंबर मोठी, वेलक्रोची असेल तर उत्तम), नवी अंतर्वस्त्रं, पायमोजे, अंगाचा साबण, नेलकटर, डासांचं मलम, बायकांसाठी सॅनिटरी पॅड आणि ते गुंडाळून टाकायला कागद, झाकणाची एक लिटरची बाटली, आणि कागदपत्रं ठेवायला चेनचं जाड प्लास्टिकचं पाकीट. हे शेवटचं सगळ्यात स्वस्त आहे आणि पावसाळ्यात सगळ्यात मोलाचं. जूनच्या आधी दोन मीटर ताडपत्री आणि चार मीटर नायलॉनची दोरी. जुने कपडे गोळा करू नका. लोक कपाटं रिकामी करतात, नेहरू शर्ट, लग्नातल्या साड्या येतात, आणि निवडण्यातच तुमचे दोन शनिवार जातात.

जेवण: पुणे स्टेशन आणि मोठ्या देवळांजवळ शनिवारी आधीच चार गाड्या येऊन गेलेल्या असतात, त्यामुळे आधी पाहणी करा. द्यायचं तर तीन पोळ्या, कोरडी भाजी, एक केळं, कागदात गुंडाळून. पिशवीतला रस्सा, दहीभात, कापलेली फळं नकोत, केव्हा खाल्लं जाईल ते सांगता येत नाही. दात नसलेल्यांची संख्या मोठी असते, त्यांच्यासाठी डब्यात मऊ खिचडी वेगळी. आणि उरलेले द्रोण, कागद, बाटल्या उचलूनच निघा. सकाळी दुकानदाराला पायरीवर खरकटं दिसलं की त्याच संध्याकाळपासून तो तिथे कोणाला झोपू देत नाही. वाटप करणारे निघून जातात आणि जागा त्या माणसाची जाते.

कित्येक दिवस उपाशी असलेला, हाडं दिसणारा माणूस असेल तर भरलेलं ताट देऊ नका. एक कप पातळ पेज किंवा ओआरएस, अर्ध्या तासाने आणखी एक कप. उलटीचा धोका आहेच, पण दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर खाल्लं तर रक्तातले क्षार झपाट्याने घसरतात आणि हृदयावर येतं. अशा माणसाला हॉस्पिटलच लागतं. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा.

---

सिस्टर_नाईटड्युटी

आजारपणाबद्दल लिहिते.

पिशवीत एवढंच ठेवा: सलाईनची छोटी बाटली, निर्जंतुक गॉज, रोलर बँडेज, पोव्हिडोन आयोडीन, हातमोजे, ओआरएस, थर्मामीटर. गोळ्यांच्या पट्ट्या वाटू नका आणि अँटिबायोटिक तर अजिबात नाही. पाच दिवसांचा कोर्स दोन दिवसांत सुटतो.

पाय बघायला शिका. मधुमेहात तळव्याला भोक पडलं तरी दुखत नाही, म्हणून माणूस "काही नाही, जुनं आहे" म्हणतो. आधी वास येतो, मग माश्या दिसतात. जखमेत अळ्या असतील तर लोक फिनेल, पेट्रोल ओततात. त्याने कातडी भाजते आणि अळ्या आणखी आत शिरतात. चिमट्याने ओढू नका, तुटून आत राहतात. सलाईनने भिजवलेला गॉज वर ठेवून सैल बांधा आणि त्याच रात्री किंवा सकाळी ओपीडीत न्या. तिथे टर्पेंटाइन वापरून त्या काढतात, बहुतेकदा सलग काही दिवस ड्रेसिंगला जावं लागतं. म्हणजे पहिल्या दिवसाइतकाच चौथा दिवसही कोण घेऊन जाणार ते आधी ठरवा.

दारूचा वास येतो म्हणून "प्यायलाय, झोपू दे" म्हणून निघू नका. डोक्याला मार, साखर कमी होणं, फिट येऊन गेल्यानंतरची गुंगी, सगळं बाहेरून सारखंच दिसतं. हाक मारून, खांदा हलवून डोळे उघडत नसतील तर कुशीवर वळवा आणि १०८. उलट, रोज पिणाऱ्याला "आजपासून बंद करा, मग मदत करतो" अशी अट घालू नका. एकदम बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत थरथर, भास, फिट येऊ शकतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. दारू सोडणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

१०८ ला सांगताना "एक भिकारी पडलाय" असं म्हणू नका. "साधारण ५५ वर्षांचा पुरुष, शुद्ध नाही, श्वास चालू आहे, अमुक चौकात अमुक दुकानासमोर, मी इथे थांबलेय." तुम्ही थांबलेय हे वाक्य महत्त्वाचं. ही ॲम्ब्युलन्स मोफत आहे. ससूनला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात अपघात विभागात नातेवाईक विचारतात. तातडीच्या उपचाराला नातेवाईक किंवा आधार लागत नाही, हे शांतपणे सांगा आणि "सोबत आणणारी व्यक्ती" म्हणून तुमचं नाव द्या. तेवढ्याने बिल तुमच्या अंगावर येत नाही.

यात सर्वात जास्त काम बिघडतं ते डिस्चार्जला. ऑपरेशन होतं, टाके पडतात आणि सहाव्या दिवशी माणूस त्याच पायरीवर. म्हणून दाखल केल्याच्या दुसऱ्याच दिवशी वॉर्डातल्या सिस्टरला विचारून समाजसेवा अधीक्षकांना भेटा. औषधं, तपासण्यांची माफी, पुढची राहायची सोय हे सगळं त्यांच्या टेबलावरून होतं. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलमध्येही १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे, धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे त्याची तक्रार करता येते.

आणि बोचकं. हॉस्पिटलला नाही म्हणण्याचं पहिलं कारण बहुतेक वेळा तेच असतं. आधार, मुलीचा फोटो, औषधाची चिठ्ठी, सगळं त्यात. "सामानाची काळजी नको" म्हणून भागत नाही. त्यांच्यासमोर गाठ मारा, त्यावर नाव लिहा, ॲम्ब्युलन्समध्ये त्यांच्या पायाशी ठेवा. कुत्रा असेल तर शेजारच्या कोणी बघायचं ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी, कुठल्याही मनपा दवाखान्यात फुकट. टीबी निघाला तर साधारण सहा महिने औषध चालतं. निक्षय पोषण योजनेत दरमहा १००० रुपये मिळतात, पण ते बँक खात्यातच येतात, त्यामुळे खालची कागदपत्रांची चर्चा वाचा.

मानसिक आजाराबद्दल: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० लक्षात ठेवा. रस्त्यावर भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती दिसली तर तिला संरक्षणात घेणं, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला नेणं ही त्या ठाण्याच्या पोलिसांची जबाबदारी आहे. कोठडीत ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणंही त्यांचंच काम. ठाण्यात गेल्यावर "आमच्याकडे गाडी नाही" हे उत्तर येऊ शकतं. तेव्हा वाद नको, कलमाचा उल्लेख करून चार ओळींचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात निरीक्षण लिहा, निदान नको: "तीन आठवडे एकाच जागी, अंगावर पुरेसे कपडे नाहीत, विचारलेल्याचं उत्तर देत नाही, कचऱ्यातलं खाते." राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. दाखल करण्याचा निर्णय डॉक्टरांचा. दोरीने बांधून, फसवून गाडीत घालणं हे कोणीही करू नये. सल्ल्यासाठी टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलतात. कर्जतची श्रद्धा फाउंडेशन आणि नगरजवळची माऊली (ही फक्त स्त्रियांसाठी) अशा संस्था आहेत, पण जागा मर्यादित असते. फोन न करता माणूस घेऊन दारात जाऊ नका.

जो शुद्धीत आहे, समजून उमजून नको म्हणतोय, त्याला नकाराचा हक्क आहे. पुढच्या शनिवारी परत विचारा.

---

कागदवाला

निवारा आणि कागदपत्रं.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषाप्रमाणे दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय होईल एवढे, चोवीस तास उघडे निवारे हवेत, एकेका निवाऱ्यात ५० ते १०० जण, माणशी किमान ५० चौरस फूट. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती, म्हणजे किमान तीसेक केंद्रं हवी होती. आहेत त्याहून खूपच कमी. महापालिकेच्या समाज विकास विभागातून चालू केंद्रांची यादी घ्या आणि माणूस नेण्याआधी स्वतः जाऊन बघा. हे विचारा: आधारशिवाय पहिली रात्र घेता का? नवरा-बायकोला एकत्र ठेवता का? सामानाला कुलूप आहे का? जिना किती? रात्री अकरानंतर दार उघडता का? केटरिंगवाला बारा वाजता सुटतो, त्याला दहाला बंद होणारा निवारा काही कामाचा नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला निवारा घेत नाही, तिथे शुश्रूषेची माणसं नसतात. त्यासाठी हॉस्पिटल किंवा वृद्धाश्रम, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

आधार: बहुतेकांचं एकदा काढलेलं असतं, हरवलेलं असतं. इथेच सगळे चुकतात आणि नवीन नोंदणी करतात. बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळतात, अर्ज "डुप्लिकेट" म्हणून फेटाळला जातो, दोन महिने वाया. आधी आधार केंद्रावर बोटं, डोळे देऊन जुना नंबर शोधायला सांगा. हमाली, बिगारीवाल्यांचे ठसे झिजलेले असतात, आदल्या रात्री हाताला खोबरेल लावा, सकाळी साबणाने धुवा आणि डोळ्यांच्या बाहुलीचं स्कॅन करायला आवर्जून सांगा. खरोखरच कधी काढलं नसेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र पत्त्यासाठी चालतं. म्हणून निवाऱ्याशी संबंध ठेवणं महत्त्वाचं, तिथे कोणी राहो न राहो. मोबाइल नंबर तुमचा देऊ नका. उद्या तुमचं येणं थांबलं तर ओटीपी कुणाकडे मागायचा?

मतदार नोंदणी त्याहून सोपी आहे आणि फार कमी लोकांना माहीत आहे. बेघर माणसाने फॉर्म ६ मध्ये झोपण्याची जागा लिहायची. बीएलओने (मतदार यादीचं काम बघणारा त्या भागातला कर्मचारी) रात्री तिथे, एकापेक्षा जास्त रात्री, जाऊन तो खरंच तिथे झोपतो याची खात्री करायची. खात्री झाली की राहण्याचा कागदी पुरावा लागत नाही. बीएलओ रात्री जायला टाळतात, तेव्हा तुम्ही शनिवारी सोबत चला.

रेशनकार्ड गावी असेल तर एक देश एक रेशनकार्डाखाली धान्य पुण्यातही मिळतं, पण चूल नसलेल्याला गहू-तांदूळ घेऊन काय करायचं? त्याला जवळपास चालू असेल तर शिवभोजन केंद्र दाखवा, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. संजय गांधी निराधार आणि पासष्टच्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ, या दोन्ही पेन्शन योजनांचे अर्ज तहसीलकडे. अडतं ते १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याच्या पुराव्यावर. जुनं मतदार कार्ड, शाळेचा दाखला, जुने हॉस्पिटल पेपर, जे असेल ते त्या चेनच्या पाकिटात जपा.

आणि एक गोष्ट प्रत्येकाने माहीत ठेवावी. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली, इथे नाही. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. मोहीम निघाली की काम करून पोट भरणारेही त्यात उचलले जातात. म्हणून जो कामावर जातो त्याच्या मुकादमाकडून दोन ओळींची चिठ्ठी घेऊन पाकिटात ठेवा. नेलंच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, फोन १५१००. पहिल्याच तारखेला वकील उभा असेल तर फरक पडतो.

---

ऋतुजा_कोथरूड

खूप आभार. ब्लँकेटं रद्द. चटया, सॅंडल, पाकिटं आणि ड्रेसिंगचं सामान घेतो, उरलेले सहा हजार रिक्षा-औषधांसाठी बाजूला. एकच राहिलं: पूलगेटजवळ एक बाई दोन लहान मुलांसह झोपते. १०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) कळवायचं का?

---

सिस्टर_नाईटड्युटी

लगेच नको. आधी तिच्याशी बोला, आणि तुमच्यातल्या बायांनीच बोला.

मूल एकटं, हरवलेलं, सोबत कोणी मोठं नसलेलं असेल तर थांबायचं नाही. १०९८ किंवा पोलीस, तिथेच थांबून. बाल न्याय कायद्याप्रमाणे २४ तासांत कळवणं बंधनकारक आहे, स्वतःच्या घरी नेणं चूक. मुलाला मारहाण होतेय, भीक मागायला जुंपलंय असं दिसलं तरी कळवायचं. पण आईजवळ असलेलं, खातंपितं, अंगावर खेळणारं मूल हे हरवलेलं मूल नाही. नुसती गरिबी हे मुलं काढून घेण्याचं कारण नाही, आणि ती भीती प्रत्येक आईला असते. एकदा गाडी आली की ती बाई दुसऱ्याच रात्री तिथून नाहीशी होते आणि पुन्हा सापडत नाही.

तिला विचारा रात्री कोण त्रास देतं का, मुलांना डोस दिलेत का, धाकटं अंगावर पितं का. जवळची अंगणवाडी शोधून ठेवा, लसीकरणाला मनपा दवाखान्यात पत्त्याचा पुरावा लागत नाही. ती घरातल्या मारहाणीतून निघालेली असेल तर महिला हेल्पलाइन १८१, किंवा अशा बायकांसाठीचं सरकारी सखी वन स्टॉप सेंटर. तिथे मुलांसह तात्पुरतं, साधारण पाच दिवस राहता येतं, पुढे जास्त दिवस राहायला शक्ती सदन हे सरकारी महिला निवारागृह. ती तयार असेल तरच. घरच्यांचा नंबर तिने दिला तरी तिला न विचारता फोन लावू नका. ती कोणापासून पळालीय हे तुम्हाला अजून माहीत नाही.

या शनिवारी जाताना मुलांच्या पायांची मापं कागदावर पेनने आखून आणा, तिच्यासमोर. सॅंडल पुढच्या शनिवारी.